मापवहीतलं तुझं नाव

इद्रिसू,

तुला मातीत ठेवून आज नववा दिवस. दुकान उघडं आहे, गिऱ्हाईक नाही, आणि मी हुसेनभाईंच्या कटिंगच्या टेबलावर कागद पसरून हे लिहितोय. मराठीत लिहितोय, म्हणजे तू असतास तरी तुला वाचता आलं नसतं. पण मराठीत लिहिलं की तुला कळत नाही, याच भरवशावर मी जी चूक केली तिच्याबद्दल हे लिहायचं आहे. तेव्हा मराठीतच लिहायला हवं.

पेपरात तुझ्याबद्दल आलं. किती गोल, कुठला कप, गुडघा कधी गेला, सगळं बरोबर छापलंय. फोटोही चांगला आहे, तोच तो, गोल मारल्यावर जर्सीचा गळा दातात धरलेला. त्या गळ्यात काय होतं हे त्या पेपरवाल्याच्या बापालाही ठाऊक नाही. ते तुला आणि मला ठाऊक होतं. आता मला एकट्यालाच.

तुला पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या अर्बाबांच्या गाडीतून उतरताना. आमचे अर्बाब, म्हणजे दुकानाचे ओमानी मालक, क्लबाच्या कमिटीवरही होते. खाबुऱ्याच्या, म्हणजे आमच्या गावच्या, फुटबॉल क्लबाने बाहेरून आणलेला पहिला आफ्रिकन खेळाडू तू. घानातल्या तमाले गावचा, बाविशीतला, हातात एक बॅग. दाराच्या चौकटीला डोकं आपटू नये म्हणून वाकून आत आलास. संध्याकाळी क्लबाचं जेवण होतं, आणि नव्या खेळाडूने आपल्यासारखा पांढरा पायघोळ दिशदाशा घालून यावं अशी अर्बाबांची हौस. "मास्टर, यल्ला, चार वाजेपर्यंत पाहिजे." मी म्हटलं, "अर्बाब, हा माणूस आहे की माडाचं झाड? ठाण संपेल!" ते हसले. काही न समजता तूही हसलास. मी स्टुलावर चढलो आणि तुझा खांदा मोजला. गुहागरजवळच्या खेड्यातून इथे येऊन मला तेव्हा चार वर्षं झाली होती, पण गिऱ्हाइकाचं माप घ्यायला स्टूल लागलं ते तेव्हाच.

आता वहीचं सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच अडलंय. आमच्या बाजारात नावाने गिऱ्हाईक सापडत नाही. मोहम्मद तीस, सईद वीस, अहमद तर विचारूच नकोस. म्हणून हुसेनभाईंनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. ते श्रीवर्धनचे, माझ्या आधीपासून इथे कापड कापतात. "नाव नको लिहूस, खूण लिही. आणि मराठीत लिही, म्हणजे कोणी डोकावलं तरी वांधा नाय." त्यामुळे आमची मापवही म्हणजे सगळ्या गावाची चहाडी आहे. पोटवाला. मान आखूड. दोन बायकांचा. घाईचा मोहम्मद. अत्तराच्या बाटलीत बुडालेला सईद. प्रत्येक पानावर खूण, खाली मापं, आणि वर टाचणीने लावलेला कापडाचा तुकडा.

तुझ्या पानावर मी लिहिलं, "काळ्या". लांबी साठ, छाती बेचाळीस, बाही सव्वीस. वर पांढऱ्या कापडाचा तुकडा.

"लंबू" लिहिता आलं असतं की रे. सगळ्या गावात तुझ्याएवढा उंच कोणी नव्हता, मी स्वतः स्टुलावरून उतरून ते पान लिहिलं होतं. आणि काळा म्हणशील तर क्लबाचा गोलकीपर तुझ्याइतकाच काळा. त्याची आजी झांझिबारची, घरात स्वाहिली बोलायची. त्याच्या पानावर मी "हसरा" लिहिलं होतं. तो इथला, अर्बाबांच्या ओळखीतला, त्याला जपून. तू परका, एकटा, बॅग घेऊन आलेला. तुझं काय, चालतंय. असा हिशेब माझ्या डोक्यात कधी झाला ते मलाही कळलं नाही, इतका तो झटकन झाला. बाकी तुझ्यात रंग बघायला इथल्या लोकांना सवडही नव्हती, त्यांना गोल हवे होते. रंग बघायची नजर मी घरून घेऊन आलो होतो. माझ्या सख्ख्या बहिणीला तीन ठिकाणांहून "मुलगी काळी आहे" म्हणून नकार आले, आणि तिसऱ्या वेळी मी त्या लोकांच्या अंगावर धावून गेलो होतो. त्याच हाताने मी तुझं पान लिहिलं.

पहिल्या मोसमात तुला कोणी पास देत नव्हतं. दुपारी दुकान बंद असायचं तेव्हा तू मागच्या दाराने यायचास आणि या टेबलाखाली, थंड फरशीवर, लांब होऊन पडायचास. पाय टेबलाच्या बाहेर. हुसेनभाई तुझ्या पायांवरून उडी मारून नमाजाला जायचे. "मास्टर, मी अकराजणांत आहे की बारावा आहे?" असं विचारायचास. आपली भाषा म्हणजे एक खिचडीच होती. हिंदी, त्यात अरबी, त्यात तुझं इंग्रजी, आणि रागावलास की तुझी स्वतःची कुठली तरी, तिचं नाव मी कधी विचारलं नाही. एकदा मी बांगड्याचं तिखलं केलं होतं. तुला वाढलं, म्हटलं, आता याच्या डोळ्यांतून पाणी येणार. तू दोन घास खाल्लेस आणि म्हणालास, "चांगलं आहे. तिखट कधी घालणार?" मेल्या! पुढच्या वेळी तुझ्या गावची मिरची घेऊन आलास आणि मला अर्धा तास नळाखाली तोंड धरून बसवलंस. कोणाची मिरची जहाल, हे भांडण आपण शेवटपर्यंत मिटवलं नाही. मिटवायचं नव्हतंच मुळी.

त्याच मोसमात तू ते मागितलंस. दिशदाशाच्या गळ्याला जो धाग्याचा गोंडा लोंबतो, अत्तर लावायचा, तो तुला भारी आवडला होता. "मास्टर, तसा एक छोटा माझ्या जर्सीत शिव. आतून. कोणाला दिसता कामा नये." मी म्हटलं, वेडा झालास का. पण शिवला, गळ्याच्या पट्टीच्या आत, करंगळीच्या पेराएवढा. पुढच्याच सामन्यात तुला पहिला गोल मिळाला, आणि तू धावत येऊन गळा दातात धरलास. पब्लिकला वाटलं, ही घानाची स्टाईल. लहान पोरं शाळेत गळे चावायला लागली, आया माझ्याकडे फाटके गळे घेऊन यायच्या. मी बारा मोसम तो गोंडा शिवला. तू कॅप्टन झालास, परदेशी माणसाला इथे आधी कोणी कॅप्टन केलं नव्हतं, तेव्हा मी तो हिरव्या रेशमाचा केला. त्या दिवशी तू मला उचलून टेबलावर उभं केलंस आणि म्हणालास, "आज मास्टर माझ्यापेक्षा उंच." माझ्या आयुष्यात मला इतकं मोठं कोणी केलेलं नाही, बाबा.

आणि मग तो दुसऱ्या गावचा सामना. बसमध्ये आम्ही बाजारातले बरेच जण होतो, तुला बघायला आलेलो. सामना सुरू होऊन अर्धा तास झाला असेल, समोरच्या कोपऱ्यातून माकडाचे आवाज सुरू झाले. थोडीच माणसं होती, पण आवाज साऱ्या मैदानावर ऐकू जात होता. आणि आमच्या बाकावरचे दोघं, आपल्याच बाजारातले, आपलेच देशवाले, हसले. मी खाली मान घालून बसलो. तू चेंडू उचललास, जर्सीला पुसलास, जागेवर ठेवलास आणि खेळत राहिलास.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू टेबलाखाली झोपला नाहीस. उभा राहिलास.

"तू होतास ना काल?"

"होतो."

"ओरडलास?"

"छे, काय बोलतोस! मी कशाला ओरडू?"

"मग काय केलंस?"

"बसून होतो."

"हां. मास्टर बसतो," तू म्हणालास. "ओरडणाऱ्यांचं मला काही नाही. ते मला ओळखत नाहीत."

मी भडकलो. खरंच भडकलो. म्हटलं, मी काय करायला हवं होतं? परका मुलूख, विझावरचा माणूस, उद्या कोणी बोट दाखवलं तर खलास, पहिल्या विमानाने गुहागर. तू शांतपणे म्हणालास, "मीपण विझावरच आहे." आणि गेलास. चार दिवसांनी परत आलास, फरशीवर आडवा झालास, चहा मागितलास. तो विषय पुन्हा निघाला नाही. पण माझ्या डोक्यात त्याचं उत्तर मी आजवर जुळवतोय, आणि जुळत नाही.

मरियामा तिसरीत होती तेव्हाची गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. तुझी पोर इथलीच, इंडियन शाळेत जाणारी. तिला नुकतं हिंदी वाचता येऊ लागलं होतं, आणि दिसेल ते वाचत सुटायची. साबणाचं वेष्टन, बसवरची पाटी, हुसेनभाईंच्या औषधाची बाटली. तू ईदचं माप द्यायला आला होतास. वही उघडी होती. तिने काउंटरवर हनुवटी टेकवली, बोट ठेवलं आणि हिंदीत नसलेल्या ळ चा ल करून मोठ्याने वाचलं, "का... ल्या." मग तुझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, यहाँ काला लिखा है। आपके पेज पे।"

हुसेनभाईंची कात्री थांबली. तू माझ्याकडे पाहिलंस. "काय लिहिलंय, मास्टर?"

आणि मी, बिनडोक, म्हणालो, "कापडाचा रंग."

त्या पानावर तुझ्या आजवरच्या सगळ्या कापडांचे तुकडे टाचलेले होते. सगळे पांढरे. एकाशेजारी एक, सगळे पांढरे शुभ्र. तू ते पाहिलेस. सावकाश, एकेक. मग म्हणालास, "अच्छा." आणि पोरीचा हात धरून गेलास.

मला वाटलं, संपलं. आता हा काही येत नाही. पण ईदच्या आठ दिवस आधी तू आलास, काखेत काळं कापड घेऊन. काळं कुळकुळीत. टेबलावर ठेवलंस आणि म्हणालास, "शिव. तुझी वही खोटी नको पडायला."

तू हसत होतास का रे तेव्हा? मी इतक्या वर्षांत हजारदा तो चेहरा आठवून पाहिलाय. एकदा वाटतं हसत होतास, एकदा वाटतं नाही. मी मान खाली घालून शिवलं. ईदला सगळं गाव पांढरं, आणि त्या रणरणत्या उन्हात तू एकटा काळ्या दिशदाशात, सगळ्यांना मिठ्या मारत फिरत होतास. मलाही मिठी मारलीस. तेव्हा कानात सांगायला हवं होतं. तीन शब्दांचं तर काम होतं. मी म्हणालो, "ईद मुबारक."

वहीतला तो शब्दही मी खोडला नाही. का? तर खोडला असता म्हणजे कबूल केल्यासारखं झालं असतं. नवीन वही घेतली तेव्हा तोच शब्द पुन्हा उतरवला. हे लिहिताना आता माझी मलाच शिसारी येतेय.

मग तुझा गुडघा गेला. क्लबाने हार घातला, घड्याळ दिलं आणि सोडून दिलं. मी म्हटलं, जा आता तमालेला, घर बांध. तू म्हणालास, "तू जा आधी गुहागरला." दोघंही गेलो नाही. तू राजधानीकडे माबेल्यात घर केलंस, कुठल्याशा गोदामावर सुपरवायझर झालास, आणि दर शुक्रवारी दीड तास गाडी हाकत खाबुऱ्याला यायचास, किनाऱ्यावरच्या वाळूत पोरांना फुटबॉल शिकवायला. फुकट. तुझ्या हाताखालून गेलेली पहिली पोरं आता पोटं सुटलेले बाप झालीत. येताना माझ्याकडे चहा, जाताना माझ्याकडचे बांगडे. कितीतरी शुक्रवार झाले. त्यातला प्रत्येक शुक्रवार मला सापडला होता, आणि एकही मी वापरला नाही.

सहा आठवड्यांपूर्वी तू आलास तो शुक्रवारी नाही, मंगळवारी, मरियामाच्या गाडीतून. ती गाडीतच बसली, तू एकटा आत आलास. दाराशी वाकावं लागलं नाही, आधीच वाकलेला होतास. पोटातला आजार कुठवर गेलाय ते तू फोनवर सांगितलं होतंस, पण ऐकणं वेगळं. "मास्टर, पोरीचं लग्न आहे. पांढरा शिव. चांगला." मी स्टूल पुढे ओढलं, तू म्हणालास, "बसवू नकोस, बसलो की उठायला त्रास होतो." मी माप घेतलं. मला स्टुलावर चढावं लागलं नाही. छाती छत्तीस. गळा चौदा. मी फीत तुझ्याभोवती फिरवत होतो, आणि तू वर बघून म्हणालास, "कापड वाचलं तुझं."

मी मशीनपाशी जाऊन खुर्चीत बसलो, वही उघडली. पान समोर आलं. तो शब्द. पेन हातात. आणि कोण जाणे कुठून, मी विचारलं, "इद्रिसू, तुझं पूर्ण नाव काय रे?"

तू टेबलाला धरून उभा होतास. बराच वेळ बघत राहिलास. मग म्हणालास, "जे आहे तेच राहू दे. बदललंस तर माझं माप सापडायचं नाही तुला."

आणि मी हसलो. विनोद केल्यासारखा, सुटल्यासारखा हसलो, आणि मापं लिहून घेतली.

खाबुऱ्यातच पुरायचं असं तू सांगून ठेवलं होतंस. तुझी ती पोट सुटलेली पोरं तुला खांद्यावर घेऊन आली, खांदा द्यायच्या पाळीवरून धक्काबुक्की करत. हुसेनभाई आत गेले, मी मुसलमान नाही म्हणून कबरस्तानाच्या भिंतीबाहेर थांबलो. कफनाला शिलाई नसते, ते त्यांनी मला केव्हाच सांगितलं होतं. सव्वीस वर्षं तुझं कापड शिवलं, आणि तुझ्या शेवटच्या कापडात माझा एक टाकाही नाही. दिशदाशा इथे तयार होऊन टांगलेला होता, इस्त्री करून, गोंडा लावून.

काल मरियामा तो न्यायला आली. लग्न पुढे ढकललंय, पण ठरलेलं आहे. लग्नात तुझ्या खुर्चीवर तो ठेवणार म्हणाली. मी घडी घालत होतो तेव्हा म्हणाली, "अंकल, बाबांचं पान दाखवा ना."

मी वही दिली. काय करणार? तिने पान काढलं, बोट ठेवलं, अगदी तिसरीतल्यासारखं.

"अजून तेच आहे."

"हो."

"त्या दिवशी गाडीत बसल्यावर बाबा मला बोलले. म्हणाले, मास्टरने आज नाव विचारलं."

"मग सांगितलं का नाही मला?"

 ती तुझंच बोलणं, जसंच्या तसं, सांगायला लागली. "म्हणाले, नाव काय, पेपरात येतं माझं नाव. मला वाटलं, आज मास्टर उठेल. मी किती वेळ उभा राहिलो. पण तो बसून हसला."

माझ्या हातून घडी सुटली. मी खुर्चीतून उठलो, काउंटरला वळसा घालून तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "बेटा, माझं..." एवढंच निघालं. तिने हात वर केला. रागाने नाही. डोळे भरले होते तिचे. "मला नको, अंकल. मला नका सांगू. ते माझं नाही."

मग पेन मागितलं. त्या शब्दाच्या खाली तिने तुझं नाव लिहिलं, देवनागरीत, हळूहळू, शाळेतल्या अक्षरात. मी विचारलं, वरचं खोडू का? ती म्हणाली, "बाबांनी राहू दे म्हटलंय ना." दिशदाशा उराशी धरून ती गेली.

सकाळपासून मी हे लिहितोय. मशीनपाशी नाही, इथे, कटिंगच्या टेबलाशी, जिथे बसता येत नाही. हुसेनभाई दोनदा म्हणाले, "अरे, खुर्ची घे की, किती वेळ झाला." नको म्हटलं. पाय भरून आलेत. शिंप्याचे पाय, त्यांना सवय नाही. या टेबलाखाली तुझी जागा आहे, तिथे वाकून बघायचा धीर होत नाही.

इद्रिसू बावा झकारिया, मी तुला काळ्या लिहिलं. तू विचारलंस तेव्हा तुझ्या पोरीसमोर खोटं बोललो. तुझ्यावर माकडाचे आवाज काढत होते तेव्हा बसून राहिलो. माझं चुकलं रे. उभा राहून सांगतोय. मला माफ कर.